सोलापूरच्या उन्हात आलेलं आसामचं कासव

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझे मिस्टर ट्रकवर आहेत. टॉवेल-चादरींचा माल घेऊन गुवाहाटीकडं जातात. मागच्या फेरीत तिकडच्या एका ढाब्यावर कुणीतरी त्यांना एक कासव दिलं, ते घरी घेऊन आले. पाठ तपकिरी, वरून सपाट, तिच्यावर तीन उभ्या कडा, आणि मागची किनार करवतीसारखी. आम्ही प्लास्टिकच्या टबात पाणी भरून त्याला ठेवलंय, दुकानातून आणलेले माशांचे दाणे घालतो. बारा दिवस झाले, तोंड लावत नाही. डोळे सुजून मिटलेत, नाकातून बुडबुडे येतात, पाण्यात एका अंगावर कलतं. मुलं रडकुंडीला आलीत. सिद्धेश्वर तलावात सोडलं तर जगेल का?

उत्तर: ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी त्याला टबातून बाहेर काढा. जुन्या सुती फडक्यानं अंग टिपा. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, आत ओलं करून घट्ट पिळलेलं गोणपाट पसरा आणि त्यात कासव ठेवा. खोकं घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात असू द्या. मुलांना सांगा, आज हात लावायचा नाही. मग 1926 या वन विभागाच्या नंबरवर फोन करा आणि जवळ जो कुणी वन्य प्राणी बघणारा पशुवैद्य असेल त्याला आजच गाठा. एवढं झालं की बसून पुढचं वाचा.

पंचवीस वर्षं मी सोलापुरात जनावरांवर उपचार करतोय. म्हशी, शेळ्या, कुत्री हे रोजचं काम. पण विहिरीत पडलेले, रस्त्यावर सापडलेले, कुणाच्या तरी घरातून सोडवलेले रानातले जीवही माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांत कासवं पुष्कळ. माझ्याकडं आलेलं पहिलं मेलेलं कासव बुडून मेलेलं होतं. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. ते स्टार कासव होतं, कोरड्या माळावर गवत खाऊन जगणारं. घरच्यांना वाटलं, उन्हाळा आहे, तहानलं असेल. म्हणून रात्री भरल्या बादलीत ठेवलं. सकाळी ते तळाशी होतं. त्या बाई दवाखान्यात ज्या रडल्या ते मी विसरलेलो नाही. त्यांनी मायेनंच केलं होतं.

दोष आपल्या शब्दाचाही आहे. समुद्रातलं, नदीतलं, माळावरचं, जंगलातलं, या सगळ्यांना आपण एकच नाव देतो, कासव. आणि कासव म्हटलं की डोळ्यांपुढं पाणी येतं. म्हणून आता माझ्याकडं कासव आलं की मी आजार नंतर विचारतो. नव्या माणसाला आपण विचारतो तेच आधी विचारतो: गाव कुठलं? ज्या जागेतून ते आलं ती जागा कळली की काय खायला घालायचं, किती गारवा द्यायचा, पाणी द्यायचं की नाही, हे सगळं त्यातूनच निघतं.

तुमच्या कासवाचं गाव तुम्ही लिहिलेल्या वर्णनातच आहे. पाठीवर तीन कडा असलेलं एक कासव आपल्याकडंही मिळतं. विहिरीत, ओढ्यात, तळ्यांत राहणारं काळपट कासव. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘तीन कडांचं’ असा अर्थ आहे. पण त्याची पाठ घुमटासारखी उतरती असते, मागची किनार गुळगुळीत असते आणि पायाच्या बोटांत पोहण्यासाठी पुरता पडदा असतो. तुमच्याकडच्या कासवाची पाठ मधल्या कडेपासून बाजूच्या कडांपर्यंत टेबलासारखी सपाट आहे, मागं करवतीचे दात आहेत. त्याला उलटं न करता, नुसतं जरा उचलून पायांकडं बघा: बोटांतला पडदा अर्धवटच असेल. वरचा जबडा पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला असेल. लांबी वीतभर, फार तर अठरा सेंटिमीटर. गुवाहाटीच्या बाजूनं आलेलं आणि एवढ्या खुणा जुळणारं कासव म्हणजे कंगोरेदार पेटी-कासव, शास्त्रीय नाव कुओरा मूहोटी. ईशान्येत तीन पिवळट रेघांचं आणखी एक डोंगरी कासव आहे, पण त्याची किनार करवती नसते. खात्रीसाठी पाठीचा, पोटाचा आणि चेहऱ्याचा असे तीन फोटो काढून ठेवा.

‘पेटी’ का, तर पोटाच्या ढालीला आडवं बिजागर असतं. या कुळातली काही कासवं पुढून-मागून झाकण लावून डबा बंद करावा तशी स्वतःला पूर्ण मिटून घेतात. मूहोटीचं बिजागर तितकं चालत नाही, थोडी फट राहतेच. म्हणून पोट दाबून ‘बंद होतंय का’ बघू नका. कुळाचं नाव ‘कुओरा’ हे मलय भाषेतल्या ‘कुरा-कुरा’ म्हणजे कासव या शब्दावरून आलं. आणि मूहोटी हे आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशावरून. कंबोडिया आणि लाओसच्या जंगलांतून हिंडताना 1861 मध्ये लाओसमध्ये तो तापानं गेला. त्यानं गोळा केलेल्या नमुन्यांवर लंडनमध्ये काम झालं, आणि पुढच्याच वर्षी, 1862 मध्ये, जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानं या कासवाला त्याचं नाव दिलं. कासव मात्र फक्त तिथलंच नाही. आसाम, मेघालय, मिझोराम, अरुणाचलपासून म्यानमार, थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनपर्यंतची सदाहरित जंगलं हे त्याचं गाव.

त्या जंगलाचं चित्र डोळ्यांपुढं आणा, कारण उपचाराची निम्मी चावी तिथं आहे. वर झाडांचे तीन-चार मजले, ऊन जमिनीपर्यंत कवडशांतूनच येतं. तिकडच्या बऱ्याच डोंगरांत वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली कुजणारा, दमट पालापाचोळा, त्यात गांडुळं, गोगलगायी, किडे, पावसात उगवलेली भुईछत्रं, वरून गळालेली पिकली फळं. हे कासव त्या पाचोळ्यात किंवा दगडांच्या सांदीत निम्मं दडून असतं. पाठीचा तपकिरी रंग आणि दातेरी कड म्हणजे हुबेहूब वाळकं पान. पहाटे, संध्याकाळी किंवा पाऊस पडल्यावर ते हलतं. पाण्यात ते क्वचितच उतरतं. दम जाईल इतक्या खोल पाण्यात पोहायला त्याचं शरीर घडलेलंच नाही. तुमच्या टबात ते बारा दिवस डोकं वर ठेवण्यासाठी पाय मारत होतं, ताई. टेकायला दगड नव्हता, लपायला जागा नव्हती. पुरती विश्रांती त्याला मिळालीच नाही.

नाकातले बुडबुडे आणि एका अंगावर कलणं यांचा अर्थ मी सरळ सांगतो: न्यूमोनियाची शंका आहे, आणि ती गंभीर बाब आहे. कासवाच्या बरगड्या पाठीच्या ढालीला जुळलेल्या असतात, त्यामुळं आपल्यासारखी छाती फुगवता येत नाही. आपल्या छाती-पोटाच्या मधे श्वासाला मदत करणारा जो स्नायूंचा पडदा असतो तसाही त्याला नाही. पायांच्या आणि कुशीच्या स्नायूंनी ते कसंबसं हवा आत-बाहेर करतं. साहजिकच खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. फुप्फुसात एका बाजूला पाणी-कफ साठला की ती बाजू जड होते आणि पाण्यात कासव त्या अंगावर झुकतं. म्हणजे तुम्ही बघितलंत ते लक्षण फार नेमकं होतं. डॉक्टरांना ते शब्दशः सांगा, कोणत्या बाजूला कलतं तेही सांगा. क्ष-किरण चित्र काढलं जाईल, वजनावरून प्रतिजैविकाचा डोस ठरेल. कासवाच्या शरीरात औषध सावकाश पसरतं आणि सावकाश निघून जातं, त्यामुळं सुया रोज असतीलच असं नाही. पण उपचार कित्येक आठवडे चालतो. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

इथं एक इशारा अगदी ठळकपणे देतो. जंगलातून धरून आणलेल्या जवळपास प्रत्येक कासवाच्या पोटात जंत असतात, आणि कुणीतरी शहाणा माणूस म्हणेल, कुत्र्याला, शेळीला देतात ते आयव्हरमेक्टिन दे. देऊ नका. म्हशी-शेळ्यांना चालणारं हे औषध कासवाला लकवा आणतं, श्वास थांबवतं, जीव घेतं. औषधाच्या दुकानात विचारून काहीही टोचू नका, तोंडात ओतू नका. विष्ठा झाली तर ताजी, छोट्या स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडं न्या. ती सूक्ष्मदर्शकाखाली बघून योग्य जंताचं औषध ठरतं. तेही ताकद आल्यावर. आधी पाणी, मग श्वास, मग अन्न, मग जंत, असा माझा क्रम असतो.

डोळ्यांचं बघू. सुजून मिटलेले डोळे म्हणजे नुसता डोळ्याचा आजार असेलच असं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा घाण पाण्यानं जंतुसंसर्ग झाला, तिन्हींत असंच दिसतं. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसानं दिवसातून दोनदा हलकेच पुसा, पापणी जबरदस्तीनं उघडू नका. घरात कुणाचे तरी उरलेले डोळ्यांचे थेंब असतात, ते घालू नका. त्यांत स्टिरॉइड असलं तर अपाय होतो. ‘अ’ जीवनसत्त्वाची सुईही अंदाजानं देण्याची गोष्ट नाही. जास्त झाली तर कासवाची कातडी सोलवटून निघते. मी असं एक कासव बघितलं आहे, मान आणि काखा कच्च्या झालेल्या. ते वाचवायला दोन महिने लागले.

आता पाणी. टबातून काढा म्हणालो म्हणजे पाणी तोडा असं नाही, उलट त्याला पाण्याची फार गरज आहे. पण प्यायला आणि भिजायला, पोहायला नव्हे. रोज सकाळी पसरट ताटात किंवा उथळ घमेल्यात मनगटाला जेमतेम कोमट लागेल असं पाणी घ्या, कासव उभं राहिल्यावर पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा, तुम्ही समोर बसा. डोकं खाली टाकलं तर लगेच उचला. या वेळात ते पाणी पितं, आणि बहुतेकदा लघवी-विष्ठाही करतं. लघवीबरोबर पांढरा, खडूसारखा लगदा आला तर घाबरू नका, पण तो वाळूसारखा रवाळ असेल तर शरीर कोरडं पडलंय हे डॉक्टरांना सांगा. मग अंग टिपून परत खोक्यात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, मधे कागद घालून, रोज त्याच वेळी वजन घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. कासव चेहऱ्यावरून काही सांगत नाही. वजनावरून कळतं.

आपला उन्हाळा ही दुसरी अडचण. मे महिन्यात सोलापूर 42-43 अंशांवर जातं आणि हवा इतकी कोरडी की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. आपल्या तळ्यांतली कासवं या दिवसांत चिखलात खोल गाडून घेतात. हे बिचारं सावलीतल्या, चोवीस ते अठ्ठावीस अंशांच्या, दमट जगातलं. तीस-बत्तीसच्या पुढं ते त्रासतं. तेव्हा पत्र्याच्या खोलीत, खिडकीपाशी, गच्चीवर ठेवू नका. ‘कोवळं ऊन दाखवावं’ म्हणून गच्चीवर नेलेलं आणि फोन आला म्हणून विसरलेलं कासव पंधरा मिनिटांत मरतं. घरात कूलर असेल तर त्या खोलीत ठेवा, पण झोत थेट खोक्यावर नको. कूलर नसेल तर खोक्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि शेजारी माठ ठेवा. बर्फ लावू नका. एकदम गार झालं तर त्याचं शरीर मंदावतं, औषधही लागू पडत नाही. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, धूप लावू नका, फुप्फुसं आधीच दुखावलेली आहेत.

दोन दिवसांत वन विभागाकडं गेलं नाही तर खोक्याऐवजी मोठं लाकडी किंवा प्लास्टिकचं खोकं घ्या. तळाशी रोपवाटिकेत मिळणारं काथ्याचं पीठ पाण्यात भिजवून, मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतकं पिळून, चार-पाच बोटं जाडीचं पसरा. वर वड, पिंपळ किंवा आंब्याचा वाळका पाला, फवारणी न झालेला, ओलसर करून चांगला वीतभर. आडवी अर्धी कुंडी किंवा कौलाचा तुकडा एका टोकाला लपायला ठेवा. पाला सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या फवाऱ्यानं ओला करा, बुरशी धरू लागला तर बदला. पहिल्याच रात्री तुम्हाला फरक दिसेल. माझ्याकडं पूर्वी ईशान्येकडचं असंच एक पेटी-कासव आलं होतं, अकरा दिवस मान आत ओढून बसलेलं. पाल्यात ठेवल्यावर तासाभरात त्यानं पुढच्या पायांनी पाचोळा बाजूला सारला, आत शिरलं, आणि फक्त पाठीची मधली कड दिसत राहिली. मी दिवा बंद करून खोलीबाहेर आलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते झोपणार होतं.

मुंग्यांची काळजी घ्या. आजारी, न हलणाऱ्या कासवाच्या डोळ्यांना आणि काखांना लाल मुंग्या लागतात. दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पूर्वी पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे ना, तसं खोकं चार विटांवर आणि विटा पाण्याच्या ताटल्यांत. मांजर-उंदरांसाठी वर जाळी.

खाण्याची घाई करू नका. मोठं कासव काही आठवडे उपाशी राहू शकतं, कोरडं मात्र राहू शकत नाही. श्वास सुधारला, डोळे उघडले की भूक येते. माशांचे दाणे बंद करा. ते तरंगतात, आणि या कासवाला जमिनीवर वळवळणारं, वासाचं अन्न कळतं. गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं, स्वच्छ धुऊन, पहाटे किंवा दिवे लागणीला ताटलीत ठेवा. सोबत पिकलेली पपई, केळ्याचा तुकडा, पिकलं उंबर, बाजारातली अळिंबी बारीक चिरून, उकडलेला लाल भोपळा. त्याला गोगलगायी सगळ्यांत प्रिय, पण शेतातून वेचून आणू नका. 2022 च्या खरिपात लातूर, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं तेव्हापासून आपल्या भागात त्यांच्यासाठी विषारी गोळ्या टाकायची पद्धत पसरली आहे. तशी एक गोगलगाय खाल्ली तरी पुरे. दूध, पोळी, भात, फरसाण नको. खाल्लं नाही तर तासाभरानं उचलून टाका, पुढ्यात सडत ठेवू नका. तोंड उघडून कोंबू तर मुळीच नका.

पाठीला हळद, खोबरेल, रंग, वॉर्निश काही लावू नका. पाठ म्हणजे दगड नव्हे, वर नखासारखा थर असला तरी खाली जिवंत हाड आहे, त्याला स्पर्श कळतो. हात लावला की प्रत्येक वेळी साबणानं धुवा, टबातलं पाणी मोरीत न ओतता संडासात ओता. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि लहान मुलांना त्यानं जोरात जुलाब लागतात.

आता तुमचा खरा प्रश्न, सिद्धेश्वर तलाव. नको, ताई. देवळाभोवतीचं ते पाणी खोल आहे, काठ बांधीव आहे. हे कासव तिथं त्या पहिल्या स्टार कासवासारखं बुडेल. कंबर तलाव, हिप्परगा, उजनी, कुठंही तेच. आणि समजा काठावर तगलं तरी त्याच्या अंगातले तिकडचे जंतू आपल्या तळ्यातल्या कासवांना लागतील, ज्यांच्याशी लढायची सवय इथल्या कासवांना नाही. नान्नजच्या माळावर सोडायचं कुणी सुचवेल. तिथल्या गवतात हे एक दुपार काढणार नाही. श्रद्धेनं देवाच्या पाण्यात सोडण्यामागची भावना मला कळते. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून आत जातो. पण या जिवाला पुण्य लाभेल ते त्याच्या गावच्या पाचोळ्यात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण विषय आपल्या भागातला आहे. कासव घरात आहे हे कळलं की कुणीतरी नखं मोजायला येईल. वीस नखांचं कासव गुप्तधन दाखवतं, पैशांचा पाऊस पाडतं, असं सांगून लोकांना लुटणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यापायी मुकी कासवं मारली जातात. कठीण पाठीच्या बहुतेक कासवांना पुढं पाच-पाच आणि मागं चार-चार अशी अठरा नखं असतात, कधी एखादं कमी-जास्त, जसं माणसाला सहावं बोट असतं. असा माणूस दारात आला तर थेट पोलिसांना कळवा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशी फसवणूक गुन्हा आहे.

घरात ठेवता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. नाही. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आहे, त्यात 2022 च्या दुरुस्तीनं ‘सायटीस’ या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झालं. मूहोटी 2003 पासून त्या करारात आहे आणि 2013 पासून रानातून धरलेल्या मूहोटीचा परदेशी व्यापारासाठीचा कोटा शून्य आहे. तुमच्या मिस्टरांना भीती वाटत असेल तर ती मी समजतो. त्यांनी ते विकत घेतलं नाही, विकलं नाही. माझा अनुभव असा की आपण होऊन फोन करणाऱ्या माणसाशी अधिकारी समजुतीनं बोलतात. लपवून ठेवलेलं सापडलं तर मात्र बोलणं वेगळं होतं. म्हणून आजच फोन करा, आणि तो मिस्टरांनीच करावा.

हे एवढं का, एका कासवासाठी? 1990 च्या दशकात चीनमधल्या खाण्याच्या आणि औषधाच्या बाजारासाठी आग्नेय आशियातली जंगलं कासवांपासून अक्षरशः रिकामी झाली. पोत्यांनी, किलोवर विकली गेली. 1999 च्या डिसेंबरात कंबोडियातल्या नॉम पेन्हला जगभरचे कासवतज्ज्ञ जमले तेव्हा या संकटाची व्याप्ती पहिल्यांदा एकत्र मांडली गेली, आणि पुढच्याच वर्षी पेटी-कासवांचं कुळ सायटीस करारात घेतलं गेलं. मूहोटी आज संकटग्रस्त यादीत आहे. त्याचं व्हिएतनाम-लाओसमधलं भावंड, पिवळट कपाळाचं गॅल्बिनिफ्रॉन्स, तर नष्ट होण्याच्या काठावर आहे. 2022 मध्ये याच कराराच्या पनामातल्या बैठकीत त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत टाकलं. त्याच बैठकीत दख्खनच्या नद्यांतलं आपलं लीथचं मऊ पाठीचं कासवही त्या यादीत गेलं. म्हणजे संकट फक्त तिकडंच आहे असं नाही.

कीर्तनात कासवीच्या नजरेचा दृष्टांत येतो. पिल्लं एका तीरावर, आई दुसऱ्या तीरावर, आणि ती नुसत्या नजरेनं त्यांना पोसते. ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. प्रत्यक्षात मूहोटीची मादी पाचोळ्याखाली दोन-तीन, फार तर पाच अंडी घालते आणि निघून जाते. ती उबायला तीन महिने लागतात, पिल्लांना मोठं व्हायला वर्षं लागतात, बहुतेक मोठी होतच नाहीत. हा तोटा भरून निघतो तो आई वर्षानुवर्षं जगून पुन्हा पुन्हा अंडी घालते म्हणून. ढाब्यावर धरून दिलेलं एक मोठं कासव म्हणजे तिथल्या जंगलातली अशी कित्येक वर्षं. तुमचं कासव मादी असेल तर पोटात अंडी असू शकतात. क्ष-किरण चित्रात ती दिसतात, डॉक्टरांना तेवढं बघायला सांगा.

वन विभागाच्या ताब्यात गेल्यावर ते बरं होईपर्यंत इथंच ठेवतील किंवा सोय असलेल्या केंद्रात नेतील. नंतर ते कुठं जायचं, हा प्रश्न येईल, आणि इथंच तुमच्या मिस्टरांचा सगळ्यांत मोठा उपयोग आहे. परत पाठवायचं तर जिथून धरलं त्याच भागात, हे तत्त्व आहे. भलत्या डोंगरात सोडलेलं कासव भटकत राहतं आणि तिथल्या कासवांत रोगही नेऊ शकतं. जागा माहीत नसली की बरं झालेलं कासवही उरलेला जन्म पिंजऱ्यात काढतं. माझ्याकडच्या त्या मागच्या कासवाचं तसंच झालं. ते वाचलं, खाऊ लागलं, पण ते कुठलं हे कुणीच सांगू शकलं नाही.

तेव्हा आज संध्याकाळी मिस्टरांना शांतपणे बसवा आणि विचारा. ढाबा कोणत्या रस्त्यावर होता, गुवाहाटीच्या अलीकडं की पलीकडं, आधी कोणता टोलनाका लागला, डिझेल कुठं भरलं, त्याची पावती खिशात आहे का, देणारा माणूस ‘वरच्या डोंगरातलं’ म्हणाला की ‘शेतात सापडलं’ म्हणाला, तारीख कोणती. फोनमध्ये त्या दिवशीचा एखादा फोटो असेल तर त्यात जागा नोंदलेली असू शकते. ट्रकवाल्यांना रस्ते पाठ असतात, आठवेल त्यांना. सगळं एका कागदावर लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. कासव ताब्यात देताना तो कागद अधिकाऱ्यांना वाचून दाखवा आणि पोचपावतीवर त्या जागेचं नाव लिहून घ्या.